मुरमाड माळावरची खर्पुडी: कंद हलवावेत की झुडपे राखावीत?

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात एका शैक्षणिक संस्थेची ४ एकर जमीन आहे. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. सातबाऱ्यावर नोंद पोटखराब्याची, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीची. वर वीतभर मुरूम, खाली कातळ आणि मधूनमधून बोराटी, हेंकळ, तरवड, हिवर, फड्या निवडुंग यांची बेटे. गावच्या शेळ्यामेंढ्या वर्षभर इथेच फिरतात.

संस्थेला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून वृक्षारोपणासाठी पैसे मिळाले. आराखडा नेहमीचाच होता. पश्चिमेकडील अडीच एकरांत जेसीबीने ६० सेंटिमीटर रुंदीचे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे) खणायचे आणि पावसाच्या तोंडावर चरांच्या बांधांवर दीड हजार रोपे लावायची. पूर्वेकडचा दीड एकर उतार खडकाळ, तिथे मशीन चढणार नव्हते, म्हणून तो तसाच राहणार होता. काम मार्चमध्ये सुरू व्हायचे होते. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये, निधी देणाऱ्यांना जागेवरच्या वनस्पतींची यादी हवी म्हणून दोन वनस्पती-अभ्यासक माळावर आले. यादी झुडपांची करायची होती, पण पहिल्याच बोराटीच्या पोटात त्यांना खर्पुडी दिसली.

वनस्पती

खर्पुडी, म्हणजे शास्त्रीय नावाने सेरोपेजिया बल्बोसा. काही भागांत तिला पाताळतुंबडी म्हणतात. रुई आणि उतरणीच्या गोतावळ्यातली ही वेल आहे. रुईचे कुल पूर्वी स्वतंत्र मानत, आता ते कण्हेरीच्या कुलात धरतात. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्याकडच्या नमुन्यांवरून हिचे वर्णन प्रसिद्ध केले. कासच्या सड्यावरची सेरोपेजिया जैनी किंवा हरिश्चंद्रगडाची सेरोपेजिया लॉवी यांच्याइतकी ही दुर्मिळ नाही. भारतातल्या कोरड्या झुडपी भागांत ती पुष्कळ ठिकाणी मिळते. या प्रकरणात नेमके हेच आडवे आले, कारण ‘दुर्मिळ नाही’ म्हटल्यावर आराखडा बदलण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

पावसाळ्यात वेल तीन-चार महिने जमिनीवर दिसते. खोड सुतळीइतके बारीक, गुळगुळीत, मांसल. पाने समोरासमोर, जाडसर. फूल दोन सेंटिमीटरच्या आसपास. बुडाशी फुगीर घडा, त्यावर अरुंद नळी आणि टोकाला पाच पाकळ्या. या पाकळ्या शेंड्याशी एकमेकींना चिकटलेल्या राहतात, त्यामुळे त्यांच्या मधे पाच खिडक्या तयार होतात. सेरोपेजियांना कंदीलपुष्प हे नाव त्यावरूनच पडले. बारीक माशी खिडकीतून आत शिरते आणि नळीतून घसरून घड्यात पडते. नळीच्या आतले केस खाली वळलेले असल्याने तिला वर चढता येत नाही. घड्यात ती धडपडत असताना परागांची जोडगोळी तिच्या सोंडेला अडकते. फूल जुने होऊ लागले की केस सुकतात, माशी सुटते आणि दुसऱ्या कंदिलात शिरली तर परागीभवन होते. एवढे सगळे जुळून यावे लागत असल्याने बहुतेक फुले शेंग न धरताच गळतात. शेंगा धरल्या तर शिंगांसारख्या जोडीने येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाळून उकलतात आणि रेशमी झुपका लावलेले चपटे बी वाऱ्यावर जाते.

नोव्हेंबरनंतर वर काहीच उरत नाही. खोड कंदापासून सुटते, वाळते, मोडून जाते. जूनपर्यंतचे सगळे आयुष्य जमिनीखालच्या चपट्या कंदात, पाणी आणि पिठूळ साठा यांच्या जोरावर चालते. या माळावरचे कंद २ ते ५ सेंटिमीटर रुंद होते आणि १० ते १५ सेंटिमीटर खोलीवर होते. कातळाला भिडलेले तर काही अक्षरशः पोळीसारखे पसरले होते. कंद खाण्याजोगा असतो. गुराखी तो कच्चा खातात, साळिंदर आणि रानडुकरेही उकरतात. म्हणूनच काट्यांच्या आत रुजलेला कंद टिकतो आणि उघड्यावरचा जातो.

अडचण

वेल दिसते ऑगस्टमध्ये, मशीन येणार मार्चमध्ये. मधल्या काळात तिचा मागमूसही राहत नाही. शिवाय चर ज्या समतल रेषांवर आखले होते त्याच रेषांवर, माती जरा साठते म्हणून, बोराटीची बेटे होती आणि बहुतेक वेली त्या बेटांतच होत्या.

ओळख आणि मोजणी

पहिल्या दिवशीच्या यादीत दोन जाती लिहिल्या गेल्या, एक गोल पानांची आणि एक गवतासारख्या अरुंद पानांची. फुले शेजारी ठेवून पाहिल्यावर दोन्हींचा घडा, नळी, पाकळ्यांवरची लव सारखीच निघाली. अरुंद पानांच्या रूपाला जुन्या पुस्तकांत ‘लुशीआय’ असे वेगळे नाव आहे, पण हल्ली दोन्ही एकाच जातीत धरतात. पानांवरून खर्पुडी ठरवू नये, हा इथला पहिला धडा. फूल नसेल तेव्हा एक साधी खूण उपयोगी पडते. पान खुडल्यावर उतरण आणि अनंतमूळ यांतून पांढरा चीक येतो, खर्पुडीतून येतो तो पाण्यासारखा रस. ही खूण वगळण्यापुरतीच वापरावी. रस पाणचट निघाला एवढ्यावर ‘खर्पुडीच’ असे लिहू नये.

चार सकाळी फिरून ६३ वेली मोजल्या गेल्या, ४० पश्चिमेच्या अडीच एकरांत आणि २३ पूर्वेच्या उतारावर. पश्चिमेच्या चाळीसही वेलींशेजारी लाकडी खुंटी ठोकून लाल रंगाचा ठिपका दिला गेला. सोबत मोबाइलवर प्रत्येक जागेची नोंद झाली.

इथे दोन चुका झाल्या आणि त्या फेब्रुवारीत उघड झाल्या. खुंट्या जिथे पाने-फुले दिसली तिथे ठोकल्या होत्या. खर्पुडीचे खोड झुडपाच्या बुडाशी वर येऊन आतून तिरपे चढते आणि उजेड मिळाल्यावरच पाने धरते. त्यामुळे खुंटीपासून कंद हातभर दूर असू शकतो. मोबाइलच्या नोंदीत तीन ते पाच मीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे झुडूप सापडायला ती पुरते, कंद सापडायला नाही.

समोर आलेले पर्याय

सप्टेंबरमधल्या बैठकीत चार मार्ग मांडले गेले.

पहिला, आराखडा जसाच्या तसा राबवावा. पूर्वेकडे २३ वेली राहतातच, तेवढ्या पुरे. हे म्हणणे अगदी टाकाऊ नव्हते, पण परागीभवन एवढे बेभरवशाचे असलेल्या वेलीची वस्ती तिसऱ्यावर आणली तर शेंगा धरण्याचे प्रमाण आणखी घटण्याची भीती होती.

दुसरा, पश्चिमेचे सगळे कंद काढून कुंड्यांत ठेवावेत आणि चर झाल्यावर पूर्वेकडे लावावेत. हा मार्ग सगळ्यांना पटला, कारण यात कुणालाच काही सोडावे लागत नव्हते. निधीही राहतो, झाडेही लागतात, वेलही ‘वाचते’.

तिसरा, चरांच्या रेषा वळवून बोराटीची बेटे जागेवर ठेवावीत. त्यासाठी आखणी नव्याने करावी लागणार होती आणि रोपांचा आकडा निम्म्याहून खाली येणार होता.

चौथा, त्याच वर्षी शेंगा बांधून बी गोळा करावे आणि रोपे तयार करावीत. यावर फारशी चर्चाच झाली नाही. ‘बी नंतरही मिळेल’ असे म्हणून विषय पुढे ढकलला गेला. हातात असलेला सगळ्यात स्वस्त विमा तेव्हा सुटला. त्या वर्षीच्या शेंगा ऑक्टोबरअखेर उकलून गेल्या.

निवड दुसऱ्या मार्गाची झाली.

फेब्रुवारी: कंद काढणी

सुप्तावस्थेत कंद हलवणे तत्त्वतः बरोबर आहे. पाने नसतात, मुळे नसतात, त्यामुळे धक्का कमी बसतो. प्रश्न फक्त सापडण्याचा. चाळीसपैकी ९ खुंट्या जागेवर नव्हत्या. काही गुरांच्या पायाखाली गेल्या, काही सरपणात. उरलेल्या ३१ खुंट्यांभोवती खणल्यावर २६ कंद मिळाले. त्यांतले ४ कुदळीने चिरले गेले, कारण मुरूम कोरडा आणि घट्ट असल्याने वरून घाव घातले गेले होते. अशा जमिनीत आदल्या दिवशी घागरभर पाणी ओतून मुरूम नरम करावा, हातभर अंतरावर चर घेऊन कंदाकडे बाजूने सरकावे आणि शेवटचे चार बोटे खुरप्याच्या टोकाने मोकळे करावे. एका कंदाला वीस मिनिटे लागतात. इथे दिवसात सगळे उरकायचे ठरले होते.

चिरलेल्या कंदांना राख लावून ते त्याच संध्याकाळी कुंडीत गेले आणि चारही सडले. चिरलेला कंद सावलीत, हवेशीर जागी सात-आठ दिवस उघडा ठेवून जखम कोरडी होऊ द्यावी लागते. नुसत्या राखेने ते साधत नाही.

कुंड्यांमध्ये काय झाले

धड २२ कंद संस्थेच्या रोपवाटिकेत गेले. कुंड्यांत पोयटा माती आणि शेणखत निम्मे निम्मे भरले होते, जसे इतर रोपांना भरतात. कुंड्या हिरव्या जाळीखाली इतर रोपांच्या रांगेत ठेवल्या आणि त्या रांगेला रोज सकाळी फवाऱ्याने पाणी होते. माळीमामांना कुणी वेगळे काही सांगितले नव्हते. कुंडीत काहीच उगवत नाही म्हणून त्यांनी उलट काळजीने थोडे जास्तच पाणी दिले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक कुंडी पालथी करून पाहिली गेली. मातीचा गोळा जसाच्या तसा निघाला, काळा, ओला, हाताला गार. मधोमध कंदाची तपकिरी साल शाबूत होती. बोट लावल्यावर ती फाटली आणि आतून भिजलेल्या पोह्यांसारखा पांढरा लगदा आंबूस वासासकट बाहेर आला.

२२ पैकी १३ कंद असे गेले. कारण सरळ आहे. झोपलेल्या कंदाला पाने नसतात, म्हणून तो पाणी ओढत नाही. शेणखताने धरलेले पाणी कुंडीतच राहते आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत त्यात सड वेगाने वाढते. माळावर हाच कंद फेब्रुवारी ते मे कोरड्या ठाक मुरुमात असतो. कुंडीतही त्याला तेच हवे: तीन भाग चाळलेला जाड मुरूम, एक भाग चांगले कुजलेले खत, बुडाशी दोन बोटे खापरांचे तुकडे, आणि नोव्हेंबरपासून वळवापर्यंत पाणी बंद. कंद लहान असेल, सुपारीहून छोटा, तर तो सुकून सुरकुततो. असे कंद कुंडीत न लावता कोरड्या मुरुमात पुरून सावलीत ठेवावेत. पहिला हिरवा कोंब दिसला की पाणी सुरू करावे, तेही वरची माती सुकल्यावरच.

उरलेल्या ९ कंदांपैकी ८ जूनमध्ये फुटले. दोन कुंड्यांत कोंब मधोमध न येता काठाला घासून आला. उकरून पाहिले तेव्हा कंद उलटे लावलेले होते. चपट्या कंदाची वरची बाजू ओळखायची तर जुन्या खोडाचा वण शोधावा लागतो, वाटाण्याएवढा उथळ खळगा. मातीने माखलेल्या कंदावर तो दिसत नाही. काढतानाच वरच्या बाजूला चुन्याचे बोट लावले तर हा घोळ होत नाही. नववा कंद घट्ट राहिला, पण त्या पावसात उगवलाच नाही. कोरड्या प्रदेशातले कंद असे एखादे वर्ष झोपूनही काढतात. त्यामुळे दिसलेल्या वेलींची संख्या म्हणजे कंदांची संख्या असे कधीच धरू नये.

एप्रिलचा निर्णय

तोवर पश्चिमेच्या अडीच एकरांपैकी निम्म्यावर चर झाले होते. सडलेले कंद पाहिल्यावर संस्थेच्या सचिवांनी मशीन थांबवले. हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय आहे आणि तो सोपा नव्हता. निधी देणाऱ्यांना रोपांचा आकडा हवा होता. त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या गेल्या. एक, उरलेल्या भागात कातळ वीतभर खाली आहे, तिथे रोपे लावली तरी दुसऱ्या उन्हाळ्यात किती उभी राहतील हे गावात कुणीही सांगेल. दुसरी, तिथली बोराटी आणि हेंकळ आधीच माती धरून आहेत. त्यांना उपटून त्याच मातीसाठी चर खणण्यात अर्थ नाही. शेवटी, जिथे माती खोल होती तेवढ्याच जागी ४२० रोपे लावायची आणि उरलेला पैसा राखण व बियांच्या कामाला वापरायचा यावर एकमत झाले.

राखण म्हणजे तारेचे कुंपण, असे आधी ठरत होते. त्याला विरोध केला माळावर मेंढ्या चारणाऱ्या एका वृद्ध मेंढपाळाने. त्यांना पहिल्या वर्षी कुणी विचारलेच नव्हते.

“आबा, मेंढरं आत गेली तर वेल राहील का?”

“मेंढरू काट्यात तोंड घालत नाही. भाईर लोंबलेलं तेवढं खातं. पर तुमी तार लावली की गवात छातीएवढं होणार, मंग कोणतरी काडी टाकणार. बोराटीच जळाली तर पाताळतुंबडी चढंल कशावर?”

त्यांच्या सांगण्यावरून सात मोठ्या बेटांभोवती फक्त ऑगस्ट ते ऑक्टोबर हिवराच्या फांद्यांची फेसाटी लावायची असे ठरले. बाकीचे नऊ महिने चराई खुली. खोड झुडपाच्या नेमक्या कोणत्या बाजूने वर येते तेही त्यांनीच दाखवले. बहुतेक ठिकाणी ते उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला होते, जिथे दुपारची सावली पडते.

बियांचे काम

दुसऱ्या पावसाळ्यात शेंगा बोटाएवढ्या झाल्या की त्यांवर मलमलच्या फडक्याच्या पिशव्या सैल बांधल्या गेल्या. शेंग हिरवी असताना तोडली तर बी कच्चे राहते, पिवळटपणा येऊन शिवण तडकू लागली की तोडावी. एका वेलीवरच्या सगळ्या शेंगा बांधायच्या नाहीत, निम्म्या वाऱ्यासाठी ठेवायच्या हा नियम पाळला गेला. मिळालेले १४० बी झुपके काढून, कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात जूनपर्यंत ठेवले.

जूनमध्ये ९० बी कुंड्यांत पेरले. मुरूम-खताचे वर दिलेलेच मिश्रण, वर अर्धा सेंटिमीटर बारीक वाळू. दोन आठवड्यांत ६१ उगवले. खर्पुडीच्या रोपाचा कंद पहिल्याच पावसात धरू लागतो, बीजपत्रांच्या खालचा भाग फुगतो. ऑक्टोबरपर्यंत बहुतेकांचे कंद हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतच्या मापाचे झाले. मधे शेंड्यांवर पिवळा मावा आला. तो पाण्याच्या धारेने आणि बोटाने पुसून काढला, औषध मारले नाही. रुईवर असतात तशा पट्टेरी अळ्याही आल्या. त्यांनी दोन कुंड्या साफ केल्या. अळ्या उचलून जवळच्या रुईवर सोडल्या. त्या दोन्ही रोपांना कंदातून पुन्हा पाने आली.

उरलेले ५० बी थेट बोराटीच्या बुडाशी टोकले होते. त्यांतली फक्त ७ रोपे सप्टेंबरमध्ये दिसली. मुंग्या, वाहते पाणी आणि ऑगस्टमधली उघडीप, यांतले कुणी किती नेले ते वेगळे काढता येत नाही.

मोजणीचे आकडे

दुसऱ्या पावसाळ्यातली मोजणी अशी. पूर्वेचा न हललेला उतार: जुन्या २१ जागी वेली आणि ५ नवी कोवळी रोपे. पश्चिमेचा चर न झालेला भाग: ८ वेली, म्हणजे खुंटी हरवल्यामुळे किंवा कंद न सापडल्यामुळे जमिनीतच राहून गेलेले. चर झालेला भाग: २, दोन्ही बांधाच्या कडेला. रोपवाटिकेतून परत लावण्याजोगे: ९ कंद. काढायला गेलेल्या चाळीसांपैकी जे हाती लागले नाहीत ते जास्त सुखरूप राहिले.

तिसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ते ९ कंद पूर्वेच्या उतारावर लावले. बियांची रोपे त्यानंतर एक उन्हाळा कुंडीत कोरडी ठेवून चौथ्या वर्षी जूनमध्ये गेली. दोन्ही वेळा रीत एकच: झुडपाच्या सावलीच्या अंगाला, ८ ते १० सेंटिमीटर खोल, वण वर, भोवती दोन दगड. दगडांखाली ओल टिकते आणि साळिंदराला चटकन उकरता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

खुणेसाठी लाकडी खुंटी नको. खोड जमिनीत शिरते तिथेच, सप्टेंबरमध्ये, चार इंची लोखंडी खिळा डोक्यापर्यंत ठोकावा आणि त्याखाली क्रमांक कोरलेली पत्र्याची चकती घालावी. सोबत दोन न हलणाऱ्या दगडांपासूनचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. वरून काही दिसत नाही, म्हणून कुणी नेत नाही.

बी पहिल्याच वर्षी धरायला हवे होते. त्याने एक पूर्ण पावसाळा वाचला असता आणि कंद काढण्याची घाईही कदाचित झाली नसती.

रोपवाटिकेत कंदांची रांग वेगळी हवी होती आणि कुंडीवर ठळक अक्षरांत ‘पावसापर्यंत पाणी नको’ अशी पाटी हवी होती. तेरा कंद जाण्याचे कारण मराठीत लिहिता येणाऱ्या तीन शब्दांच्या अभावात होते.

समतल चरांची आखणी करणाऱ्याला ऑगस्टमध्येच वनस्पती-अभ्यासकांबरोबर माळावर फिरवले असते, तर रेषा कागदावरच वळल्या असत्या. आता संस्थेने माळाच्या नकाशावर सातही बेटे लाल रंगाने दाखवली आहेत आणि कोणतेही खोदकाम ठरवण्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक फेरी मारायची असे लेखी ठरवले आहे. ४२० रोपांपैकी खोल मातीतली बरीच धरली आहेत. झोपलेला नववा कंद परत लावल्याच्या पावसाळ्यात, जुलैच्या शेवटी उगवला. त्याची पाने अरुंद रूपाची निघाली.